पानाशिवाय वाचलेला धडा

तलासरीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यावर माझी ओळख 'वेड्या पोरांची बाय' अशी होती. पहिल्या वर्षी मी भांडून पाहिलं. म्हटलं, पोरं वेडी नाहीत, कुणाला ऐकू कमी येतं, कुणाचा हात चालत नाही, कुणाला वाचायला त्रास होतो. माणसं मान डोलवून ऐकून घ्यायची आणि पुढच्या गुरुवारी बांधावरून पुन्हा हाक यायची, आली रे वेड्या पोरांची बाय. शेवटी मी हात टेकले. तिथे कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही, लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत मला सगळे 'तू'च म्हणायचे. डहाणूत वाढलेल्या माझ्या कानाला ते आधी टोचलं, मग सवय झाली, आणि आता कुणी 'मॅडम, आपण' म्हटलं की वाटतं, ह्याला माझ्याकडून काहीतरी काम करून घ्यायचंय.

मी २०१४ साली फिरती विशेष शिक्षिका म्हणून लागले. फिरती म्हणजे अक्षरशः फिरती. सकाळी डहाणूहून एसटीने चारोटी, तिथून हायवेवर जी गाडी थांबेल तिने तलासरी, पुढे जीप, आणि जीप जिथे 'बस, आता पुढे नाही' म्हणते तिथून पायी. शाळा वाटून दिलेल्या, एकेका शाळेच्या वाट्याला आठवड्यातला एक दिवस. तोही मध्येच प्रशिक्षण, सर्वेक्षण किंवा कसलीशी मोहीम निघाली नाही तर. आणि ती निघायचीच. आठवड्यातून एकदा येणाऱ्या बाईने मुलाचं वाचन सुधारावं ही कल्पना ज्याला सुचली, त्याने आयुष्यात एकदा तरी त्या जीपच्या मागच्या फळीवर बसून पाहावं असं मला फार वाटायचं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ भेटले, शेळ्यांमागे चालणारं कुणी भेटलं नाही.

पाड्यावरची शाळा दोन खोल्यांची, पाचवीपर्यंत. एकच गुरुजी, दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी. माणूस वाईट नव्हता. पाच वर्ग, खिचडी, बँक, ऑनलाइन माहिती, सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. दुपारी तीनच्या सुमारास त्याच्याकडे पाहिलं की मला माझा थकवा विसरायला व्हायचं. तो काळ असा होता की प्रत्येक मुलाला वाचता आलंच पाहिजे म्हणून वरून दट्ट्या असायचा, आणि कोण कधी तपासायला येईल याचा नेम नसायचा. येणारा माणूस आला की गुरुजी एकाच मुलीला उभी करायचे.

ती मुलगी तेव्हा तिसरीत होती. काटकुळी, केसांना भरपूर तेल, उजव्या हाताचं बोट ओळीवर ठेवून वाचायची. आणि काय वाचायची! बाकीची पोरं घरी वारली बोलणारी, पुस्तकातली मराठी त्यांच्या जिभेला जड जायची. ही मात्र धाडधाड, स्वल्पविरामाला थांबून, प्रश्नाला आवाज चढवून. तपासायला आलेले साहेब खूश होऊन जायचे, गुरुजींचा जीव भांड्यात पडायचा. पाड्यावर कुणाच्या घरी औषधाची बाटली आली तरी म्हणायचे, हिला बोलवा, ती वाचते. आणि ती काहीतरी कारण काढून पळायची, कधी पाणी आणायचंय, कधी भाऊ रडतोय. सगळे म्हणायचे, लाजरी आहे.

माझं तिच्याशी काही काम नव्हतं. माझी मुलं वेगळी. पण त्या पावसाळ्यात एका गुरुवारी माझा एक मुलगा तापाने आला नाही आणि मी रिकामी होते, म्हणून गुरुजी म्हणाले, मॅडम, जरा हिचं ऐका, तेवढाच कानाला विसावा. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि ती माझ्या शेजारी पुस्तक उघडून बसली. खारीचा धडा होता. खार बिया गोळा करते, पुरून ठेवते, मग पुरलं कुठे ते विसरते, आणि त्या बियांची झाडं होतात. मी तिच्या बोटामागे डोळे नेत ऐकत होते. पान उलटलं. खार बी तोंडात धरून निघाली होती ती छापलेल्या ओळींत एकदम झाडं मोठी झाल्यापाशीच पोचली. मला वाटलं माझाच डोळा लागला असेल. पण पोरीचा आवाज सुरूच होता. खार भोक उकरते, पानं टाकते, दुसरी खार येते, दोघींचं बोलणं होतं, सगळं अगदी व्यवस्थित. आणि तिचं बोट फिरत होतं भलत्याच ओळींवरून.

मी पानांचे आकडे पाहिले. मधलं पान नव्हतंच. कुणीतरी फाडून त्याची होडी केली असणार, पावसाचे दिवस. जे पान पुस्तकात नव्हतं ते ही मुलगी बोट लावून मला वाचून दाखवत होती.

  तिने धडा संपवला, पुस्तक मिटलं आणि कौतुकाची वाट पाहत माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार? मग मी माझ्या पिशवीतलं गोष्टीचं पुस्तक काढून तिच्यासमोर ठेवलं, नवं कोरं, कुणीच तिला न वाचून दाखवलेलं. तिने चित्र पाहिलं, बोट पहिल्या शब्दावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "हे अजून कुणी सांगितलं नाही." सांगण्यात चोरी नव्हती, लाज नव्हती. भात अजून शिजला नाही म्हणावं तशी म्हणाली.

गुरुजींना सांगितलं तर ते आधी हसले. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि हसू गेलं. म्हणाले, लबाड आहे हो, मला पत्ता लागू दिला नाही. आणि थोड्या वेळाने हळूच, मॅडम, कशाला उकरून काढताय? एक पोरगी तरी बोलते साहेबांसमोर. तिच्यावर शाळा तरलीय. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, गुरुजी, शाळा तरेल, पोरगी बुडेल. ते खिचडीचं पातेलं बघायला निघून गेले. राग येऊन येऊन येणार कुणाचा? त्या माणसाला एका वेळी पाच वर्गांना धडा शिकवायचा तर मोठ्याने म्हणायचं आणि पोरांकडून म्हणून घ्यायचं, एवढाच मार्ग होता.

लबाडी नव्हती, हे मला पुढच्या काही गुरुवारांत कळलं. तिची आई धवलेरी होती. धवलेरी म्हणजे त्यांच्याकडची लग्न लावणारी बाई. पुरोहित नाही, पोथी नाही. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात आणि त्याच्यापुढे बसून ही बाई गाणी म्हणते, लांबच लांब, आणि त्या गाण्यांवर लग्न लागतं. तिची मुलगी लहानपणापासून तिच्यामागे बसून ओळ झेलायची. आई म्हणणार, मागच्यांनी म्हणायचं, असंच ते उतरत जातं. मी तिला विचारलं, वाचतेस म्हणजे काय करतेस गं? तर म्हणाली, "गुरुजी म्हणतात ते धरते. मग बोट लावून सोडते." बोट कशाला? तर म्हणाली, आये पण गाताना चौकाकडे हात करते. तिच्या लेखी शाळेतलं वाचन हे तेच होतं. पुढच्याने सांगायचं, मागच्याने धरायचं आणि समोरच्या खुणांना मान म्हणून बोट लावायचं. बाकीची पोरंही तेच करतात, फक्त आपण जास्त चांगलं करतो, अशी तिची समजूत. औषधाची बाटली आधी कुणी सांगितलेली नसायची, म्हणून ती पळायची. त्या काळ्या खुणाच बोलतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाकीच्यांनाही सांगितलं नव्हतं म्हणा, पण त्यांच्या डोळ्यांना म्हणता म्हणता अक्षरं चिकटत गेली, हिला चिकटली नाहीत.

का चिकटली नाहीत, हे शोधण्यात माझा पावसाळा गेला. आधी डोळे. तलासरीच्या शिबिरात दाखवले, चांगले निघाले. कान तर असे की दोन शेतांपलीकडची हाक ओळखायची. बुद्धीचं म्हणाल तर तिने मलाच चिंचोक्यांच्या खेळात हरवलं होतं. घरची बोली वेगळी हे खरं, पण बोली तर सगळ्यांचीच वेगळी होती. मग अक्षरं घेतली. आज 'क' शिकवला तर शिकायची, गिरवायची सुंदर, आणि पुढच्या गुरुवारी तोच 'क' तिला परका. 'कमळ' म्हण म्हटलं तर म्हणायची. 'कमळ'मधला पहिला आवाज कोणता म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघत बसायची. तिच्यासाठी तो शब्द अख्खा होता, त्याला सांधाच नव्हता. तिथे खरी मेख होती. शब्द आवाजांचा बनलेला असतो, त्या एकेका आवाजाला एकेक खूण असते, हे जोडणं काही मुलांच्या मेंदूला फार कष्टाचं जातं. पुस्तकात याला डिस्लेक्सिया म्हणतात. पाड्यावर याला ठोंबा म्हणतात. हिला तेही कुणी म्हणत नव्हतं, कारण हिच्या स्मरणशक्तीने सगळं झाकून टाकलं होतं. दुखणं पायाला असताना उसन्या खांद्यावर बसून फिरावं तसं चाललं होतं.

पक्कं निदान करायचं तर मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, खेपा घालायला हव्या होत्या. आईबापांना सांगायला गेले असते तर त्यांनी विचारलं असतं, कशाचं निदान? आमची पोर तर वाचते. शिवाय तिने मला त्या पावसाळ्यातच, बाकीची पोरं खुणांकडे बघून वाचतात हे कळलं त्या दिवशी, ओढणी धरून थांबवलं होतं. म्हणाली, "आयेला सांगू नको." आई प्रत्येक लग्नात चौकासमोर बसल्या बसल्या सांगायची, माझी पोर पुस्तक वाचते. त्या घरात वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. मी नाही सांगितलं.

मग सुरू झालं ते काम, ज्याच्याबद्दल लोकांना वाटतं की फार सुंदर असतं. कपाळ सुंदर! सुपात तांदळाचं पीठ पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं आणि काढताना आवाज म्हणायचा. एकेका आवाजाला एकेक चिंचोका पुढे सरकवायचा. क, म, ळ, तीन चिंचोके. पुसायचं, पुन्हा. पुसायचं, पुन्हा. पुढच्या आठवड्यात गेलं की ये रे माझ्या मागल्या. एक गुरुवार सर्वेक्षणात गेला की आधीचे चार पाण्यात. मी तिच्यावर ओरडले आहे, सूप बाजूला सारून बाहेर जाऊन उभी राहिले आहे. पालथ्या घड्यावर पाणी घालतेय असं वाटायचं. पण ती रडायची नाही. मी आत येईपर्यंत पीठ सारखं करून ठेवायची.

परतीच्या जीपमध्ये मला झोप लागायची आणि झोपेतही पीठच दिसायचं. घरी सासूबाई म्हणायच्या, अगं, शंभरांत एक पोर नाही वाचलं तर काय जग बुडतंय? त्या चुकीचं बोलत नव्हत्या. माझे गुडघे तेव्हापासूनच बोलायला लागले. मनात यायचं, सोडून द्यावं, डहाणूत शिकवण्या घ्याव्यात, चार पैसे मिळतील आणि दुपारी घरचं जेवण. दर बुधवारी रात्री हे ठरायचं आणि गुरुवारी सकाळी मी एसटी स्टँडवर असायचे. त्यात थोर काही नव्हतं, सुट्टी मागायचा कंटाळा यायचा एवढंच.

चौथीत असताना एकदा मला सुचलं की शब्द तोडायला गाण्याची चाल वापरावी. लांबवलेल्या गाण्यात एकेक आवाज सुटा पडतो. तिला म्हटलं, आईचं गाणं म्हण. ती नको म्हणाली. लग्नाची गाणी लग्नाशिवाय म्हणायची नाहीत, आई मारेल. बरं बाई, नाही म्हणायची. मग तिनेच तोड काढली, भाताच्या लावणीत बायका म्हणतात ते गाणं. ते चालतं म्हणाली. त्या चालीवर आम्ही 'पाणी' लांबवलं, 'शेत' लांबवलं, 'चिकू' लांबवला. चिंचोका सरकायचा, आवाज ताणला जायचा. गुरुजी दारातून डोकावून म्हणाले, मॅडम, वाचन चाललंय का लावणी? मी म्हटलं, दोन्ही, पण तुमचं लक्ष पाचवीकडे असू द्या.

आणि मग एका गुरुवारी, काही विशेष घडलेलं नसताना, तिने माझ्या पिशवीवर छापलेल्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, का... प... ड. थांबली. पुन्हा म्हणाली, कापड. ते तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. तिने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हात मागे घेतला, जणू चटका बसला. मला रडू आलं, ते मी खोकल्यावर घालवलं.

इथून पुढे सगळं सोपं झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. एक शब्द वाचायला तिला घाम फुटायचा. जोडाक्षर आलं की घोडं अडायचंच. आणि एक नवीन पंचाईत झाली. खरं वाचायला लागल्यावर तिला धरून ठेवलेलं सोडायची लाज वाटू लागली. साहेब आले की गुरुजी तिला उभं करायचे, ती सोडायची धाडधाड, आणि खाली बसल्यावर माझ्याकडे बघायची नाही.

ती पाचवीत गेली त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तिच्या बापाने शाळेत निरोप दिला की जूनपासून पोर येणार नाही. पाड्यावरची शाळा पाचवीला संपते, पुढचं शिकायचं तर तलासरीकडे वसतिगृहात ठेवावं लागतं. मी त्याच गुरुवारी घरी गेले. बाप सकाळी टेम्पोने डहाणूकडच्या चिकूच्या वाडीवर जायचा, संध्याकाळी परतायचा. तो आल्यावर बोलणं निघालं. माणूस अजिबात चिडका नव्हता. समजावून सांगितल्यासारखा म्हणाला, पोर चांगली शिकली, बाय. तुम्ही सगळ्यांनी मेहनत घेतली. आता वाचता येतं ना तिला? मग झालं. शिकून वाचायलाच यायचं असतं. आता माझ्यासंगं वाडीवर चिकू निवडायला येईल आणि लग्नसराईत आईमागे बसेल, गाणी शिकेल. आईने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर मुलीचा अभिमान मावत नव्हता. ती म्हणाली, आमच्या वाडवडलांत कुणी वाचलं नाही, हिने वाचलं, पुरे झालं.

आता यावर काय बोलायचं होतं? एकच वाक्य बोलले असते तर तिची शाळा टिकली असती, की ताई, हिला वाचता येत नाही, आत्ता कुठे येऊ लागलंय. मुलगी माझ्या पाठीमागे उभी होती आणि तिने माझी ओढणी घट्ट धरली होती. मी चहा प्यायले आणि उठले. वाटेने मी स्वतःशीच चरफडत होते. खोटं वाचून पोर पास झाली आणि त्याच पायी शाळेतून जायला निघाली. कशात काय अन् फाटक्यात पाय. ती मला बांधापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, तुला शिकायचंय का? तिने होकाराची मान हलवली. म्हटलं, मग तुझं तुलाच सांगावं लागेल, मी नाही सांगणार. त्यानंतर मी पुन्हा विषय काढला नाही.

सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढे दरवर्षी तीच वाचायची. गुरुजी एक कागद लिहून काढायचे, आदल्या संध्याकाळी तिला बोलावून दोनदा वाचून दाखवायचे आणि सकाळी ती सोडायची. त्या वर्षी मी मुद्दाम गेले, काय होणार हे माहीत नसताना. पोचले तेव्हा गुरुजी वैतागलेले. काल तीनदा निरोप पाठवला, पोरगी आलीच नाही म्हणाले. कागद आता सकाळी तिच्या हातात दिला, आणि वाचून दाखवायला लागलो तर पळून गेली. म्हटलं, गुरुजी, दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, आता कुठे, सगळा पाडा बसलाय.

सगळा पाडा खरंच बसला होता. पहिल्या रांगेत तिची आई, धुतलेलं लुगडं नेसून, मांडीवर धाकटा. झेंडा झाला, घोषणा झाल्या, आणि ती कागद घेऊन पुढे आली. बोट ओळीवर ठेवलं. आणि तिने तोंड उघडलं तेव्हा मला कळलं की ती काय करणार आहे.

"आ... प... आप... ल्या. आपल्या."

लोकांना वाटलं घसा धरलाय. "गा... वा... त. गावात." मागे कुणीतरी हसलं. पोरांनी एकमेकांना ढोसलं. तिने मान वर केली नाही. पाण्याबद्दल लिहिलं होतं गुरुजींनी, विहीर, बंधारा, झरा असलं सगळं. एकेका शब्दावर ती अशी थांबायची की आता संपलं असं वाटायचं, आणि मग शब्द यायचा. बंधाऱ्यातल्या 'ऱ्या'शी ती किती वेळ झुंजली कोण जाणे. गुरुजी कागद घ्यायला पुढे झाले, तिने खांदा वळवून त्यांना पाठ केली. लहान पोरं उन्हाला कंटाळून खाली बसली. हसणारे हसून थकले.  अर्धं पान होतं, तिने अर्धं पान पूर्ण वाचलं.

कार्यक्रम मोडल्यावर तिची आई थेट माझ्याकडे आली. मागे बाप, धाकट्याला कडेवर घेऊन. आई संतापलेली होती.

"बाय, माझ्या पोरीचं काय केलंस तू? तिसरीत धाडधाड वाचायची. तू दोन-अडीच वर्सं तिला घेऊन बसलीस आणि बिघडवून ठेवलीस. सगळ्या पाड्यासमोर बोबडी झाली माझी पोर."

अडीच वर्षांच्या चिंचोक्यांचं फळ हे. मी तोंड उघडणार तोच मुलगी मध्ये आली. "आये, तेव्हा मला येत नव्हतं," ती म्हणाली. "तेव्हा मी धरलेलं सोडायची. तुझ्या गाण्यासारखं. आजचं मला कुणी सांगितलेलं नव्हतं."

 आईने मुलीच्या हातातला कागद घेतला आणि स्वतःचं बोट कागदाच्या मधोमध, वाट्टेल तिथे ठेवलं. हे काय? मुलीने पाहिलं. वि... ही... र. विहीर. बोट उचलून खाली कोपऱ्यात. हे? झ... रा. झरा. पुन्हा वर. हे? गाव. गाणं असं कुठूनही मधूनच उचलता येत नाही, पहिल्या ओळीपासून यावं लागतं, हे त्या बाईला जन्मापासून माहीत होतं. तिचं बोट आणखी एक-दोन ठिकाणी गेलं आणि मग थांबलं. राग कुठे गेला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर अभिमानही नव्हता आता. इतक्या लग्नांत आपण जे सांगत आलो ते खरं नव्हतं, हे ती तिथे उभ्या उभ्या गिळत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

तिने कागदाची घडी करून मुलीच्या हातात दिली आणि नवऱ्याकडे वळली.

"हिचं शिकायचं राह्यलंय अजून," ती म्हणाली. "वाडीवर नको नेऊ. जूनमध्ये तलासरीला घाल."

तो मान डोलावून बरं म्हणाला. मी शाळेच्या पायरीवर जाऊन बसले.